भिंतीकडे तोंड

पल्लवी आणि अभिजीत दोघंही दिवसभर ऑफिसात. त्यांच्या कुत्र्याला, लाडूला, दिवसा कुठे ठेवावं हा प्रश्न होता, म्हणून पल्लवी त्याला घेऊन मलकपेठेतलं एक केनेल, म्हणजे कुत्री ठेवून घेणारी जागा, बघायला गेली.

जागा स्वच्छ होती. ऐसपैस पिंजरे, पंखे, ताजं पाणी. फक्त एकही कुत्रा भुंकत नव्हता. सगळे भिंतीकडे तोंड करून बसले होते. भिंत कोरी होती.

"हे असे का बसलेत?" तिने विचारलं.

"आतेच ऐसा बैठते, मॅडम," कुत्री सांभाळणारे मोईनभाई हलक्या आवाजात म्हणाले. "हम नै सिखाए."

पल्लवीला ते बरं वाटेना. ती निघणार, तेवढ्यात लाडूने हिसडा देऊन पट्टा सोडवला, तो एका रिकाम्या पिंजऱ्यात शिरला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"लाडू, चल घरी."

तो हलला नाही. बाकीचे सगळे कुत्रे मात्र एकदम वळले. शेपट्या हलवत, कुईकुई करत गजांना येऊन भिडले, जणू त्यांचंच माणूस त्यांना न्यायला आलं होतं.

कासावीस होऊन पल्लवी आत गेली. लाडूजवळ बसून तिने त्याचं तोंड हळूच आपल्याकडे वळवलं.

लाडूने तिच्याकडे नीट पाहिलं, आणि परक्या माणसावर गुरगुरावं तसा तो गुरगुरला.