हात दाखवा

रामटेकच्या रस्त्यावर नवे पांढरे पट्टे मारले होते, पण गाड्यांना त्याचं काय सोयरसुतक. एक ट्रक गेला, मागोमाग दोन मोटारी भोंगा वाजवत गेल्या. रस्ता ओलांडायला वर केलेला पायलचा हात आपला तसाच वर.

"पाह्यलं?" मागे उभे असलेले तिचे आजोबा, शालिकराम, म्हणाले. "मले रोज सोडाले येणं जमत नाही. आज एकटीनं रस्ता पार केला तं ठीक, नाही तं उद्यापासून घरीच बस."

पायलनं वळूनही पाहिलं नाही. हर्षा मॅडमनी मैदानात फक्कीच्या रेघा मारून शिकवलं होतं: उजवीकडे पाहा, डावीकडे पाहा, पुन्हा उजवीकडे. हात वर करा. गाडी थांबल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पण तिथं गाड्या म्हणजे वर्गातलीच पोरं, ती लगेच थांबायची. या खऱ्या गाड्यांना कोणी शाळेत घातलं नव्हतं.

तेवढ्यात एसटी आली. हात दाखवला की एसटी थांबते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती थांबलीच. कंडक्टरनं दार उघडलं.

"चढ लवकर. कुठं जाचं?"

"शाळेत."

"कोणत्या?"

पायलनं समोर बोट दाखवलं. "गाडीत नाही बसाचं. मले पलीकडे जाचं हाय."

आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. पण ड्रायव्हरला हसू आलं. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून मागचा ट्रक थांबवला. "जा वं माय, आरामात जा."

पायल निघाली. बसच्या टोकाशी थांबून तिनं वाकून पाहिलं, काही येत नाही ना, आणि मगच पुढे गेली. पळाली नाही. पलीकडे पोचली तेव्हा आनंद तिच्या पोटात मावत नव्हता.

एसटी गेली आणि आजोबांच्या लक्षात आलं, पोरीचा डबा आपल्याच हातात राहिला. ते नेहमीसारखे सरळ रस्त्यात उतरले.

"आबाजी, मांगं हो गा," पायल पलीकडून ओरडली. "आधी हात."

म्हातारा थबकला, मागे सरकला. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. मग लाजत लाजत हात वर केला.

एक टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "कुठं जाचं, बाबाजी?"

"शाळेत," शालिकराम म्हणाले.