घरोघरी चियो

बारसं तिकडे चिपळूणजवळच्या वाडीत होतं आणि बाप इकडे आखातात, अल मवालेहच्या भाजीबाजाराबाहेर, टेलिफोन बूथसमोर गाडीत बसून होता. दीड वाजता फोन करून नाव सांगायचं होतं आणि धनंजयला नाव सुचत नव्हतं.

सुचत नव्हतं म्हणजे धीर होत नव्हता. आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. एकाचं नाव त्याने हौसेने सम्राट ठेवलं होतं, दुसरीचं ऐश्वर्या. असली मिरवायची नावं ठेवलीस म्हणून ‘त्याची’ नजर गेली, असं आई म्हणायची. तो म्हणजे कोण, ते मात्र ती कधी तोंडाने उच्चारत नसे. या पोरीला धोंडी म्हणायचं, दगडाकडे कोणी वळून बघत नाही, असा तिचा हुकूम होता. बायकोने एवढंच विनवलं होतं की चारचौघांत हाक मारताना लाज वाटेल असं ठेवू नका.

हे सगळं त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मागच्या सीटवर बसलेल्या मोरिता साहेबांना सांगितलं. साहेब जपानी इंजिनिअर, धनंजय त्यांचा ड्रायव्हर. पाच वर्षांत घरचा विषय आज पहिल्यांदाच निघाला होता. साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग भाजीच्या पावतीमागे त्यांनी दोन अक्षरं काढली. चियो. त्यांच्या आईचं नाव. पहिलं अक्षर म्हणजे हजार, दुसरं म्हणजे पिढ्या. त्या काळी घरोघर तान्ही मुलं दगावायची, म्हणूनच लोक हे नाव ठेवायचे. आईच्या वर्गात पाच चियो होत्या, गावात तर मोजदादच नव्हती.

“आई आता चौऱ्याण्णव वर्षांची आहे,” साहेब म्हणाले. “अजून शेतातलं तण काढते.”

धनंजय त्या दोन अक्षरांकडे बघतच राहिला. मरण उंबऱ्यात बसलेलं असताना लेकराच्या कपाळी हजार पिढ्या लिहायच्या, आणि तेही एका घराने नाही, अख्ख्या गावाने! त्याच्या अंगावर काटा आला. त्या कधी न पाहिलेल्या आयांना हात जोडावेत असं त्याला वाटलं.

दीड वाजला. तिकडे वाडीतल्या दुकानात आई फोनपाशी थांबलीच होती. त्याने नाव सांगितलं. तिने ते दोनदा वदवून घेतलं आणि अर्थ विचारला.

अर्थ अगदी ओठांवर आला होता. पण तो मोठ्याने म्हणायची त्याची छाती होईना.

“अर्थाचं ऱ्हांदे, आये. जपानात घरोघरी हाय ता नाव. एक हाक मारली तर पाच जनी भायेर येतात.”

पलीकडे आईने ते नाव पुन्हा एकदा पुटपुटून पाहिलं.

“मग बरा हाय,” ती हळूच म्हणाली. “येवढ्या जनींत आमची कंची, ता त्याला कसा गावनार?”