रिकाम्या खाटा

“साहेब, झोपलात?” तोफेनं विचारलं, आणि वर्गात खसखस पिकली.

सभागृहात निवडून आलेले एक सदस्य दचकून सरळ बसले. सरकार मुलांसाठी किती पैसा ठेवतं आणि त्यातला मुलांपर्यंत किती पोचतो, हे कसं तपासायचं ते या वर्गात सर शिकवत होते. एका बाजूला असे सदस्य, दुसऱ्या बाजूला साधी माणसं. तोफ साध्या माणसांतली. बाजारात तिचं पार्लर होतं. तिचं तोंड सुरू झालं की समोरचा आडवा, म्हणून हे नाव. ते तिलाही आवडायचं.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना सरकारी बालगृह पाहायला नेलं. लांबलचक खोलीत दोन रांगा खाटा, चादरी ताणून घातलेल्या. पोरं मात्र कोपऱ्यात सोंगट्या खेळत बसलेली मूठभर.

“खाटा एवढ्या, मग मुलं कुठेत?” तोफेनं विचारलं.

“आहेत तेवढी आहेत,” अधीक्षकबाई म्हणाल्या. शांत, बारीक बाई. “बाकीची आपापल्या जागी आहेत.”

“आणि त्यांच्या नावानं मंजूर झालेला पैसा?”

“पडून आहे.”

एवढं बोलून बाई पुढच्या खोलीकडे वळल्या. बाहेर आल्यावर शिकवणारे सर तोफेला म्हणाले, “पैसा का पडून राहिला, तेही विचारायला हवं.”

“का म्हणजे?” तोफ म्हणाली. “सर, मांजर दूध का पितं, हे कोणी विचारतं का?”

तिनं वर्गात झोपलेल्या त्याच सदस्यांना गाठलं आणि सभागृहात प्रश्न विचाराच म्हणून त्यांच्या मागे लागली. सदस्यांनाही बऱ्याच दिवसांत हाताला काही लागलं नव्हतं. त्यांनी प्रश्न दिला. दोन दिवसांत ती गोष्ट गावभर झाली.

मग एका दुपारी अधीक्षकबाई पार्लरमध्ये आल्या. केस कापून घ्यायचे म्हणाल्या. तोफेनं गळ्याभोवती कापड बांधलं. आरशातच दोघींची नजरानजर झाली.

“तो प्रश्न मागे घेता येईल?”

“घाबरलात?”

“मी यातली एक पैही खाल्लेली नाही.”

“मग खर्च का होत नाही?”

“काही गोष्टी बोलून दाखवल्या की बंद पडतात,” त्या म्हणाल्या. “खाटा रिकाम्या राहू द्या. त्यात कोणाचं नुकसान नाही.”

तोफेची कात्री जरा जोरात चालली. बाईंचं लक्ष आता दाराकडे होतं. पायरीवर तोफेची नात बाहुलीचे केस विंचरत बसली होती. लेक दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला होती, तिची पाळी संपेपर्यंत पोर आजीच्या दुकानात असायची.

“ही तुमची? एकटीच बसते?”

“बसते की. माझे डोळे आहेत अजून शाबूत.”

“तरी लक्ष ठेवा,” बाई हळूच म्हणाल्या. पैसे ठेवून निघून गेल्या.

तोफेनं पोरीला उचलून आत घेतलं. मग डोकं तापलं. तडक सदस्यांच्या कार्यालयात जाऊन तिनं सांगितलं, “माझ्या नातीवरून धमकी देते ती बया. आता तर मी सोडत नाही.”

सदस्यांनी हे सभागृहात मीठमसाला लावून सांगितलं. अधीक्षकबाईंना घरी बसवलं. नवे अधीक्षक आले. मुलांचा पैसा मुलांवरच खर्च व्हावा, वर्षअखेर एकही खाट रिकामी दिसता कामा नये, असा हुकूम निघाला. बाक वाजले. त्या संध्याकाळी तोफेनं दुकानात आलेल्या कुणाकडूनच पैसे घेतले नाहीत.

वर्गाचा समारोप झाला तेव्हा तिला मंचावर बसवलं. शाल दिली. सर चार शब्द बोलले, सदस्य चाळीस. कार्यक्रम लांबला. दुकान बंद करून निघताना तिनं नातीला बजावलं होतं, “इथेच पायरीवर बस, आई येईलच.” लेकीला मात्र त्या दिवशी दवाखान्यात थांबवून घेतलं होतं.

तोफ परत आली तर पायरीवर नुसती बाहुली. समोरचा चांभार म्हणाला, “गाडी आली होती. बालगृहाची.”

दवाखान्यातून लेकीला घेऊन ती धावतपळत बालगृहात पोचली. आतून रडण्याचा आवाज येत होता. एकाच पोराचा नव्हता. नवे अधीक्षक तोफेला पाहून उठून उभे राहिले.

“या, या. आज तुमचाच सत्कार झाला ना?”

“माझी नात...”

“आहे. जेवली. काळजी नको. एकटी सापडली, म्हणून आमच्या पथकानं आणली.”

“एकटी कसली? घटकाभराचा तर प्रश्न होता. ही तिची आई, मी आजी.”

“आजच्या दिवसात हे सांगणाऱ्या तुम्ही सहाव्या,” ते सौम्यपणे म्हणाले. “कागदपत्रं बालकल्याण समितीपुढे ठेवा. निकाल लागेपर्यंत मूल इथेच. महिना लागेल, दोन लागतील.”

लेक भिंतीला टेकून खाली बसली. तोफेनं खांद्यावरची शाल काढून हातात घेतली. तिचा आवाज इतका खाली गेलेला लेकीनं कधी ऐकला नव्हता.

“साहेब, पोर आमच्या हाती द्या. कोणाला कळणार नाही. तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही.”

“तेच तर आधीच्या बाई करायच्या,” अधीक्षक म्हणाले. “पोर आलं की आईला शोधून काढायचं आणि दिवेलागणीच्या आत तिच्या हवाली करायचं. म्हणून तर खाटा रिकाम्या राहायच्या.”