नावाने हाक

"आई, फंक्शन म्हणजे एका कामाला दिलेलं नाव," केतकी सासूला कॉम्प्युटरची पायथॉन भाषा शिकवत होती. "नाव घेतलं की काम होतं."

शैलजाताईंनी लगेच टाइप केलं: अहो. त्याला काम दिलं, पडद्यावर 'चहा तयार आहे' असं छापायचं.

केतकी खळखळून हसली. "इतकं मोघम नको हो. अहो काय, कुणीही असेल!"

शैलजाताई घुटमळल्या. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी नवऱ्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. त्यांनी 'अहो' खोडून ओठ मिटून 'मनोहर' लिहिलं आणि रनचं बटण दाबलं. पडदा कोराच राहिला.

"नुसतं नाव ठेवून भागत नाही, आई. खाली हाक मारावी लागते."

टाइप करताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायची त्यांची खोड होती. "मनोहर," त्या म्हणाल्या, "कंस सुरू, कंस पूर्ण." आणि पुन्हा रन दाबलं.

स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या मनोहररावांच्या हातून गाळणं निसटलं. ते दारात आले. "मला हाक मारलीस?"

"इश्श, तुम्हाला कुठे? कॉम्प्युटरला!" पडद्यावर उमटलं होतं, चहा तयार आहे.

मनोहरराव जागचे हलेनात.

"नीट ऐकू आलं नाही गं," ते म्हणाले. "परत एकदा टाइप कर की."