निम्मा आकडा

कारखान्याचं रसायन विहिरीच्या पाण्यातून बायकोच्या रक्तात उतरलंय, असं ती पोटुशी असताना तपासणीत कळलं. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं. आज प्रयोगशाळेत दुसरा रिपोर्ट हाती आला. आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता.

"बघ, विहिरीचं पाणी बंद केलं आणि गुण आला," तो बायकोला म्हणाला.

"तू कसलं श्रेय घेतोस! पाण्याचे कॅन मी वाहिले," त्याची आई म्हणाली. बाळाला कडेवर घेतलेली बायको कितीतरी महिन्यांनी मनापासून हसली.

प्रयोगशाळेतल्या ताई मात्र हसल्या नाहीत. "नुसतं पाणी बंद करून इतक्या लवकर एवढं कमी होत नाही हो. हे रसायन अंगात नष्ट होत नाही. गेलं तर कुठेतरी जातं." मग त्यांनी हळूच विचारलं, "बाळ अंगावर पितं का?"

"पितं का म्हणजे?" त्याची आई कौतुकाने म्हणाली. "आठ महिन्यांचं झालं, तरी वरच्या दुधाला तोंड लावत नाही लबाड."

ताईंनी सगळ्यात बारीक सुई काढली आणि त्याला म्हणाल्या, "बाळाला मांडीवर घ्या. हात घट्ट धरा त्याचा."