पाहुण्यांचे पाय

चितळांनी भरलेला ट्रक गावाच्या आखरावर येऊन थांबला, तेव्हा तिथं जमलेली गुरं रानात निघायच्या बेतात होती. रेंजर गुणवंतराव ऐटीत खाली उतरले. दूरच्या एका प्राणिसंग्रहालयात चितळं फार झाली होती. ती इथल्या जंगलात सोडली की वाघांच्या पोटापाण्याची सोय होणार होती.

गुराखी झिंगूनं फळ्यांच्या फटीतून आत पाहिलं. एक मादी लाळ गाळत होती, पुढचा पाय टेकवतच नव्हती. त्यानं आधी कळप मागं हाकलला.

"साहेब, याइले तोंडखुरी हाये. सोडू नोका. आमचे ढोरं त्याच बोडीवर पानी पेतेत."

"प्रवासानं थकलीत ती. तपासणीचा कागद आहे माझ्याकडे."

"कागदाले खूर नसते, साहेब."

साहेबांचा पारा चढला. "उघड रे फळी!" ते ड्रायव्हरवर ओरडले.

तेवढ्यात झिंगूचं बोलणं ऐकलेली गिरजाबाई घरातून बादली घेऊन लगबगीनं आली. तिची बैलजोडी याच कळपात होती.

"असं कसं, साहेब? पाहुने आले तं आधी पाय धुवा लागते."

पाहुणा म्हटल्यावर कोण विरघळत नाही! गुणवंतरावांनी बूट काढून पाय पुढं केले. "अहो बाई, एवढं कशाला," म्हणत ते चांगलेच सुखावले. पाणी जरा बुळबुळीत लागलं, पण मानापुढं तेवढं चालतं. मग गिरजाबाईनं त्यांचे बूट धुतले. मग ड्रायव्हरचे पाय. मग पदर खोचून ती ट्रकचं चाक धुवायला बसली.

"बाई, हे काय चाललंय?"

"सोड्याचं पानी हाये, साहेब. पायाले, चाकाले लागलेला रोग यानं मरते, ढोराच्या डाक्टरनंच सांगतलं. त्र्याऐंशी साली बाजारातून आनलेला बैल तसाच कळपात सोडला होता. त्या पोळ्याले तोरनाखाली उभी कराले गावात एक जोडी नोहती. तवापासून नवं जनावर पंधरा दिवस येगळं बांधतो."

गुणवंतराव अनवाणीच ट्रकपाशी गेले. मादी खूर चाटत होती. लाळेची तार फळीवरून खाली लोंबत होती. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"फळी राहू दे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "गाडी मागं फिरव. डॉक्टरनं बरी म्हटल्याशिवाय एकही सुटणार नाही."

शेवटचं चाक त्यांनी स्वतः धुतलं. झिंगूच्या जिवात जीव आला.

ट्रक वळला तशी गिरजाबाई मागून ओरडली, "साहेब, वाघाले सांगून ठेवजा, पंगत जराशी उशिरा बसन!"