सत्त्याऐंशी सालचा प्लग

"नेटच्या डब्याचा प्लग माझ्या केबिनमध्ये. केबिनमध्ये येतं कोण? मी आणि मावशी. मग उरलं कोण?" साहेब म्हणाले. "आज सिद्ध झालं, की उद्यापासून यांनी यायचं नाही."

सफाईवाल्या मावशी ओलं फडकं घेऊन दारात उभ्या होत्या. नेटवर्कवालीने लॅपटॉप उघडला. ऑफिसचं नेट रोज दुपारी पाच मिनिटं बंद पडायचं; कुणीतरी प्लग काढतं, असं साहेबांचं म्हणणं. तिने तीन दिवस नेटवर्कमधून धावणारी माहितीची पुडकी, म्हणजे पॅकेटं, पकडून ठेवली होती. प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का असतो, पण निव्वळ आकड्यांचा, माणसाला न कळणारा. तो उलगडायला तिने स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. नेट जाण्याआधीचं शेवटचं पॅकेट कधीचं, एवढंच बघायचं. मावशींची नोकरी त्या वेळेवर टांगलेली.

तिने बटण दाबलं. तीन सालं उमटली. १९७६. २०३१. २०८७.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "म्हणजे सत्त्याऐंशी सालीही यांनीच काढला?"

"शहात्तरला मी पाळण्यात होते, साहेब," मावशी म्हणाल्या. "आणि सत्त्याऐंशीला काढलाच, तर भूत होऊन काढीन."

नेटवर्कवालीने स्क्रिप्ट पुन्हा वरपासून वाचली. मग तिने कपाळावर हात मारला. "मशीनने आकडा शेपटीकडून लिहिलाय आणि माझी स्क्रिप्ट तो डोक्याकडून वाचतेय." तिने स्क्रिप्टमधला वाचायची दिशा ठरवणारा बाण उलटा फिरवला.

आता तारखा याच आठवड्यातल्या आल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार. वेळ तिन्ही दिवशी एकच, दुपारी एक वाजून दहा मिनिटं.

"एक दहाला मी खालचे जिने पुसते," मावशी म्हणाल्या. "रखवालदाराला विचारा. रोज माझ्या ओल्या पायरीवर पाय देतो मेला."

"तो तुमच्याच बाजूने बोलणार," साहेब म्हणाले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, खणातून जेवणाचा डबा काढला आणि तो गरम करायच्या पेटीत ठेवला. "मला सांगा, बरोब्बर या वेळी या खोलीत हात घालणारं आहे कोण?" बोलता बोलताच ते टेबलाखाली वाकले. एक प्लग काढला, पेटीचा लावला. भिंतीवरच्या नेटच्या डब्याचे हिरवे दिवे पटापट विझले. साहेब वर आले ते बोलतच. "कोण? सांगा ना."

मावशींनी फडकं पिळलं.

"साहेब, सत्त्याऐंशी साल लागलं वाटतं."